शितावरून भाताची परीक्षा : कॉलेजातल्या मूल्यमापनाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गोव्यात पदवीच्या वर्गांना रसायनशास्त्र शिकवते. पेपर तपासताना, पालकसभेत, नव्याने लागलेल्या सहकाऱ्यांबरोबर चहा घेताना आणि कधी कदंबच्या बसमध्ये शेजारी येऊन बसलेल्या माजी विद्यार्थ्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं बहुतेक माझ्याच विषयातली आहेत. इतिहास किंवा कॉमर्स शिकवणाऱ्यांनी त्यांच्या जागी आपापली घालून वाचावं.

परीक्षा होते, गुण पडतात. मुलं काय शिकली ते त्यातून कळतंच ना? मग अडचण कुठे आहे?

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण टोपातला सगळा भात एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. एक शीत चिमटीत दाबलं की बाकीच्यांचं कळतं. अभ्यासक्रम असा एकसारखा शिजत नाही. चार क्रेडिटचा थिअरीचा कोर्स म्हणजे साठ तासांचं शिकवणं. त्यातली आठ-दहा शितं आपण दोन तासांच्या पेपरात उचलतो. त्यातही ‘खालीलपैकी कोणतेही चार प्रश्न सोडवा’ असं लिहिलं, की कुठलं शीत दाबायचं हे विद्यार्थीच ठरवतो.

दोन मुलांना पन्नास-पन्नास गुण पडले असं समजा. एकाला थर्मोडायनॅमिक्स चांगलं येतं, पण रासायनिक समतोलाचं काहीच कळलेलं नाही. दुसऱ्याचं नेमकं उलट. मार्कशीटवर दोघे सारखेच दिसतात. पुढच्या सेमिस्टरला त्यांना शिकवणाऱ्या शिक्षिकेला त्या पन्नासातून काहीही कळत नाही. तिला कुठून सुरुवात करायची हे ठरवायचं असतं, आणि गुणपत्रिकेत ते कुठेच लिहिलेलं नसतं.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. मूल्यमापन मुळात उद्या वर्गात काय करायचं हे सांगण्यासाठी असतं. आपण ते निकाल लावण्यापुरतं ठेवलं. निकाल हाती येतो तेव्हा मुलं पुढच्या वर्गात जाऊन बसलेली असतात.

पण पेपरात चांगले गुण मिळवणाऱ्याला विषय येतोच, असं का म्हणू नये?

पहिल्या वर्षाच्या वर्गाला मी दरवर्षी एक प्रश्न विचारते. पाणी उकळताना भांड्याच्या तळातून मोठे बुडबुडे वर येतात. त्या बुडबुड्यांत काय असतं? बारावीला रसायनशास्त्रात उत्तम गुण मिळवलेली मुलं समोर बसलेली असतात. बरीच जण लिहितात, हवा. बरीच जण लिहितात, हायड्रोजन आणि ऑक्सिजन. पाण्याची वाफ असं लिहिणारे नेहमीच कमी निघतात. गोव्याबाहेरही हेच घडतं. मुलांच्या मनातली ही समजूत विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासकांनी १९८०च्या दशकातच नोंदवून ठेवली आहे.

उकळणं हा भौतिक बदल आहे, रासायनिक नव्हे, ही व्याख्या याच मुलांनी परीक्षेत बिनचूक लिहिलेली असते. व्याख्येचे दोन गुण त्यांना मिळालेले असतात, आणि ते देणाऱ्याचं काहीच चुकलेलं नसतं.

१९८७ साली नुरेनबर्न आणि पिकरिंग या अमेरिकेतल्या दोन रसायनशिक्षकांनी हीच गोष्ट नीट तपासून दाखवली. वायूंच्या नियमांवरची गणितं सोडवणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी चित्रांचा प्रश्न दिला. पोलादी टाकीत हायड्रोजन भरला आहे. टाकी थंड केली, पण हायड्रोजन अजून वायूच आहे. तर रेणू आता कसे पसरलेले दिसतील? सूत्रात आकडे घालून उत्तर काढणाऱ्या कितीतरी जणांना चित्र ओळखता आलं नाही. रेणू तळाशी साचतील किंवा एका जागी गोळा होतील असं त्यांना वाटलं. आपल्या पेपरांत गणित असतं, चित्र नसतं. मग मुलाच्या डोक्यातली टाकी कशी आहे, हे आपल्याला कळणार कसं?

मग सुरुवातीला काय येत होतं आणि शेवटी काय येतं, असं मोजता येईल का?

येतं, आणि ते फार अवघडही नाही. पदार्थविज्ञानात बल या संकल्पनेवरची एक बहुपर्यायी चाचणी १९९२ पासून जगभर वापरली जाते. तिच्यात गणित जवळजवळ नाहीच. चुकीचे पर्याय मुलांच्या खऱ्याखुऱ्या गैरसमजुतींवरून बेतलेले असतात. कोर्सच्या आधी एकदा आणि नंतर एकदा ती द्यायची. नंतरच्या टक्क्यांतून आधीचे टक्के वजा करायचे आणि शंभरापर्यंत पोचायला जेवढे कमी होते त्याने भागायचं. आधी ४० आणि नंतर ५५ असतील, तर १५ भागिले ६० म्हणजे ०.२५. वाढ व्हायला जेवढी जागा होती, तिचा पाव भाग भरला.

रिचर्ड हेक यांनी १९९८ साली अशा ६२ कोर्सेसची, सहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची आकडेवारी एकत्र केली. शिक्षकाने बोलायचं आणि मुलांनी लिहून घ्यायचं, अशा वर्गांत सरासरी वाढ ०.२३ निघाली. जिथे मुलं वर्गातच एकमेकांशी वाद घालत प्रश्न सोडवत होती, तिथे ती ०.४८ होती. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा माझ्या वर्गाचा आकडा काढून पाहिला. तो पहिल्या गटाच्या जवळपासच निघाला. त्या दिवसापासून शिकवण्याकडे बघण्याची माझी नजर बदलली.

रसायनशास्त्रात मलफर्ड आणि रॉबिन्सन यांची २२ प्रश्नांची अशीच एक चाचणी आहे. तुमच्या विषयात तयार चाचणी नसेल तर स्वतःचे पाच प्रश्न पुरतात. मुलं जिथे हमखास अडखळतात अशा पाच जागा तुम्हाला ठाऊक असतातच. हे प्रश्न जूनमध्ये विचारा, कोर्स संपताना पुन्हा विचारा, आणि त्यांना गुण देऊ नका. गुण दिले की मुलं त्या पाच प्रश्नांची उत्तरं पाठ करून येतात आणि तुमचा तापमापकच बिघडतो.

रिव्हॅल्युएशनला टाकलं की गुण बदलतात. तपासणारे नीट वाचत नाहीत का?

बहुतेक जण नीट वाचतात. पण नीट वाचूनही गुण वेगळे पडतात, आणि हे शंभर वर्षांपेक्षा जास्त काळ माहीत आहे. १९१२ साली अमेरिकेत स्टार्च आणि इलियट यांनी इंग्रजीच्या एकाच उत्तरपत्रिकेच्या प्रती अनेक शाळांतल्या शिक्षकांकडे तपासायला पाठवल्या. कुणी ६४ दिले, कुणी ९८. इंग्रजीत असं व्हायचंच, असं लोक म्हणाले. तेव्हा पुढच्या वर्षी त्यांनी भूमितीचा पेपर पाठवला. तिथेही गुण तसेच विखुरले.

मी स्वतः एकदा महिन्यापूर्वी तपासलेला गठ्ठा, दिलेले गुण झाकून, पुन्हा तपासला होता. फरक पाहून मला वाईट वाटलं. एक गोष्ट स्पष्ट दिसली. एखाद्या फार चांगल्या उत्तरपत्रिकेच्या पाठोपाठ आलेल्या मुलाचं माझ्या हातून नुकसान झालं होतं. जेवणानंतर तपासलेल्यांवर मी जास्त उदार होते.

यावर पूर्ण इलाज नाही, पण तीव्रता कमी करता येते. तपासणी सुरू करण्याआधीच कुठल्या मुद्द्याला किती गुण हे लिहून ठेवावं. एका मुलाचा अख्खा पेपर न तपासता आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा, असं करावं, आणि दर प्रश्नाला गठ्ठ्याचा क्रम बदलावा. नाव दिसत नसेल तर फारच उत्तम. पहिले दहा पेपर तपासून झाले की मागे जाऊन पहिले तीन पुन्हा बघावेत. ते बऱ्याचदा जास्त कडक तपासलेले असतात.

आयएसएमध्ये सगळ्यांनाच भरघोस गुण असतात आणि एसईएमध्ये तीच मुलं गळपटतात. असं का?

आयएसए म्हणजे सेमिस्टर चालू असतानाचं मूल्यमापन आणि एसईए म्हणजे शेवटची परीक्षा. खरं तर आयएसएच जास्त मोलाची, कारण ती चालू असताना शिकवणं बदलायला अजून वेळ असतो. पण तिचे गुण अंतिम निकालात मिसळतात, आणि सारा घोटाळा तिथूनच सुरू होतो. मुलाला एटीकेटी लागू नये म्हणून शिक्षक हात सैल सोडतो. शेजारच्या विभागाने सैल सोडला की आपल्याच मुलांनी का मार खावा, असं वाटू लागतं. मीही असे गुण दिलेले आहेत. देताना मनात दया होती, पण त्या मुलाला नेमकं काय येत नाही हे सांगण्याची शेवटची संधी मी तेव्हा घालवली.

माझ्या आधीच्या कॉलेजात एकदा वरून सूचना आली, की इंटर्नलचे गुण ‘जरा सांभाळून’ भरा. त्या वर्षी माझ्या कोर्सच्या आयएसएत एकही मूल नापास झालं नाही. पुढच्या वर्षी तीच मुलं प्रयोगशाळेत आली, तेव्हा कितींना मोलॅरिटी, म्हणजे द्रावणात पदार्थ किती विरघळलाय ते, काढता येत नव्हती हे मी विसरलेले नाही.

उत्तरपत्रिकेवर गुणांबरोबर शेरा लिहिला तर मुलं वाचतात का?

गुण लिहिले असतील तर क्वचितच. इस्रायलमध्ये रूथ बटलर यांनी १९८८ साली शाळकरी मुलांवर केलेला प्रयोग याबाबतीत डोळे उघडणारा आहे. नुसता शेरा मिळालेली मुलं पुढच्या कामात सुधारली. नुसते गुण मिळालेली सुधारली नाहीत. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेलीही सुधारली नाहीत.

तेव्हापासून मी असाइनमेंट परत देताना आधी फक्त शेरा देते. मुलांनी त्याला दोन ओळींचं उत्तर लिहून आणलं, की मग गुण सांगते. पहिल्या खेपेला कुरकुर होते, नंतर होत नाही.

मुलाला विषय कळलाय पण इंग्रजीत लिहिता येत नाही. अशा वेळी काय करावं?

गोव्यात हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक वर्गात बसलेला असतो. डिचोली, सत्तरी, पेडण्याकडची कितीतरी मुलं चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकतात, पाचवीपासून इंग्रजीत जातात, आणि कॉलेजात आल्यावर एका परक्या भाषेतून एन्ट्रॉपी समजावून सांगायची वेळ त्यांच्यावर येते. घरी मराठी, वाड्यावर कोंकणी, पेपर इंग्रजी.

एक प्रसंग सांगते. एका मुलीने पेपरात लिहिलं होतं की मीठ पाण्यात ‘मेल्ट’ होतं. नियमाप्रमाणे गुण कापले जाणार, कारण वितळणं आणि विरघळणं या दोन पूर्णपणे वेगळ्या क्रिया आहेत. मी तिला बोलावून मराठीत विचारलं, “पाण्यात घातल्यावर मिठाचं काय होतं गो?” ती लगेच म्हणाली, “टीचर, विरघळतं.” मग विचारलं, “आणि बर्फाचं?” “वितळतं.” मिठाचे आयन पाण्याच्या रेणूंनी वेढले जातात, हेही तिने हाताच्या खुणा करत सांगितलं. तिची संकल्पना पक्की होती. चुकला होता तो एक इंग्रजी शब्द.

दोन दिवसांनी तेच वाक्य लिहिलेल्या दुसऱ्या एका मुलाला विचारलं. तो मराठीतही म्हणाला, “मीठ वितळून पाणी होतं.” त्याची अडचण खरोखर रसायनशास्त्रातली होती. दोघांच्या पेपरात ओळ एकच होती. दोघांना लागणारी मदत मात्र एकदम निराळी.

म्हणून माझा आग्रह आहे की शेवटची परीक्षा कुठल्याही भाषेत होवो, सेमिस्टर चालू असताना मुलांना मराठीत आणि कोंकणीत समजावून सांगू द्या. तासाच्या शेवटी चिठ्ठीवर उत्तर लिहायचं असेल तर हवी ती भाषा चालेल असं पहिल्याच दिवशी सांगा. इंग्रजी शिकवायलाच हवं, पण त्याचे गुण वेगळ्या रकान्यात असू द्या. इंग्रजी आणि रसायनशास्त्र एकाच आकड्यात मोजलं की दोन्ही कळत नाहीत.

प्रॅक्टिकलमध्ये तरी खरं कौशल्य दिसतंच ना?

दिसायला हवं. पण आपण बघतो ते जर्नल. सीनियरच्या जर्नलवरून उतरवलेलं, सुवाच्य, लाल पेनने चौकट आखलेलं. टायट्रेशनच्या, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबाथेंबाने सोडून मोजण्याच्या, तक्त्यात तीन वाचनं : १०.२, १०.२, १०.२. सीबीआर, म्हणजे जुळून आलेलं कायम वाचन, १०.२. पहिल्यांदाच ब्युरेट (खाली तोटी असलेली मोजनळी) हातात धरलेल्या मुलाची तिन्ही वाचनं अशी तंतोतंत जुळत नाहीत. ती जुळवलेली असतात, आणि ती जुळवायला आपणच शिकवलेलं असतं, कारण न जुळणाऱ्या वाचनाला आपण गुण कापतो.

मी आता गुणांचा मोठा भाग हात बघून देते. ब्युरेट आधी त्याच द्रावणाने विसळली का? टोकात हवेचा बुडबुडा राहिलाय का? वाचन घेताना डोळा द्रावणाच्या पातळीवर येतो की मान वरून वाकवली जाते? फिकट गुलाबी रंग आल्यावर अर्धा मिनिट थांबून तो टिकतोय का पाहिलं, की गडद गुलाबी होईपर्यंत नळी चालूच ठेवली? वीस मुलांच्या बॅचमध्ये दर आठवड्याला पाचांना नीट न्याहाळलं तरी महिन्याभरात सगळी होतात. जवळ एक वही ठेवायची आणि नावापुढे एक ओळ लिहायची. न जुळलेलं वाचन जसंच्या तसं लिहून त्याचं कारण सांगणाऱ्याला मी पूर्ण गुण देते. हे वर्गात जाहीर केल्यावर जर्नलं खरी दिसू लागली. खाडाखोडीची, पण खरी.

वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत औषधकंपन्यांच्या प्रयोगशाळा आहेत आणि आमची अनेक मुलं तिथे मुलाखतीला जातात. एका माजी विद्यार्थ्याने सांगितलेला प्रसंग माझ्या मनात घर करून राहिला आहे. त्याला उत्तम टक्के होते. मुलाखतीत विचारलं, ०.१ मोलरचं २५० मिलिलिटर सोडियम हायड्रॉक्साइड कसं बनवशील? त्याने बरोबर सांगितलं, एक ग्रॅम. पुढचा प्रश्न आला, एक ग्रॅम अचूक मोजून घेतलास, तर मग ते ऑक्झॅलिक अॅसिडशी टायट्रेट करून पुन्हा का तपासतात? तिथे तो थांबला. सोडियम हायड्रॉक्साइड हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं, म्हणून तराजूवर दिसणाऱ्या एका ग्रॅमात शुद्ध पदार्थ तेवढा नसतोच. तो प्रयोग त्याने तीन वर्षांत अनेकदा केला होता. ‘का’ असं त्याला आम्ही कुणीच विचारलं नव्हतं.

आजकाल असाइनमेंट एआयकडून लिहून आणतात. ती पकडायची कशी?

पकडण्यामागे लागू नका. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं. ते बनवणाऱ्या कंपनीने काढलेलं स्वतःचं ओळखयंत्रसुद्धा अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद करावं लागलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवलं, की इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशांनी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी निम्म्याहून अधिक निबंध ही यंत्रं सरासरीने यंत्रलिखित ठरवतात. आपल्या मुलांच्या बाबतीत याचा अर्थ काय होतो ते लक्षात घ्या. साधं, मोजक्या शब्दांचं इंग्रजी लिहिणारं प्रामाणिक मूल चोर ठरेल.

प्रश्नच असे द्यावेत, की एखाद्या जागी प्रत्यक्ष गेल्याशिवाय उत्तर लिहिता येणार नाही. मी मुलांना पेडण्यातल्या आगरवाड्याच्या मिठागरांवर पाठवते. समुद्राचं पाणी एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत सरकत जातं, आटतं, आणि सुमारे २५ अंश बोमे (द्रावणाची घनता मोजायचं एकक) घनतेला मीठ पडायला लागतं. आधी जिप्सम का पडतं? मीठ गोळा केल्यावर उरलेलं पाणी आगरी माणूस पूर्ण आटू का देत नाही? त्या पाण्यात मॅग्नेशियमचे क्षार उरलेले असतात. ते मिठात आले तर मीठ कडू लागतं आणि पावसाळ्यात पाझरतं. विद्राव्यतेचा अख्खा धडा तिथे उन्हात पसरलेला आहे. कुठल्या दिवशी गेलात, घनता किती होती, कुणाशी बोललात, हे लिहायचं. मग माझ्यासमोर तीन मिनिटं बसून दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची. एआयने भाषा सुधारून दिली असेल तर मला त्याचं काही वाटत नाही. तीन मिनिटांत कळायचं ते कळतंच.

अर्थशास्त्रवाल्यांना म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आहे, वनस्पतिशास्त्राला चोडणची खारफुटी आहे. गोव्यात यासाठी लांब जावं लागत नाही.

ग्रुप प्रोजेक्टमध्ये एकटाच राबतो आणि गुण सगळ्यांना सारखे. काय करावं?

अहवालाचे गुण गटाला द्या, तोंडी प्रश्नांचे ज्याचे त्याला. आणि तोंडी परीक्षेत प्रत्येकाला दुसऱ्याने केलेल्या भागावर प्रश्न विचारा.

नॅकसाठी (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी परिषद) आणि सीओ-पीओ मॅपिंगसाठी (कोर्सच्या आणि पदवीच्या अपेक्षित फलितांची जोडणी) आम्ही एवढी एक्सेल भरतो. त्यातून शिकणं मोजलं जात नाही का?

हेतू चांगला होता. १९९४ साली नॅक स्थापन झाली तेव्हा महाविद्यालयांनी स्वतःकडे बघावं हीच अपेक्षा होती. कोर्सच्या शेवटी विद्यार्थ्याला काय करता यायला हवं हे आधी ठरवून शिकवणं, हीसुद्धा अगदी योग्य गोष्ट आहे.

गाडी अडते ती दोन ठिकाणी. पहिलं, वाक्यं. ‘विद्यार्थ्याला रासायनिक समतोल समजेल’ असं लिहिलं, तर समजलं की नाही ते डोळ्यांनी दिसत नाही. ‘तापमान वाढवल्यावर समतोल कुठल्या बाजूला झुकेल ते कारणासह सांगेल’ असं लिहिलं तर तपासता येतं. दुसरं, आकडे. इतक्या टक्के मुलांना अमुक गुणांच्या वर मिळाले म्हणून पातळी दोन, तमुक टक्क्यांना मिळाले म्हणून पातळी तीन, मग सगळ्यांची सरासरी २.४. पण मुळातला प्रश्न व्याख्या विचारणारा असेल, तर २.४ हा आकडा व्याख्या पाठ असल्याचा आहे. दशांशामुळे तो खरा होत नाही.

माझी सूचना अशी, की त्या एक्सेलबरोबर दर कोर्सची तीन उत्तरं जोडावीत. एक चांगलं, एक मधलं, एक कच्चं. त्याखाली विभागाने एकत्र बसून लिहावं : मधल्या मुलाचं कुठे अडलं आणि पुढच्या वर्षी आम्ही काय बदलणार. आमच्या विभागात हे सुरू केलं तेव्हा एका दुपारी पाच शिक्षक एकाच उत्तरावरून तासभर भांडलो. इतक्या वर्षांत शिकवण्याविषयी एवढं आम्ही कधीच बोललो नव्हतो.

विद्यार्थ्यांचे फीडबॅक फॉर्म? ते काय सांगतात?

वर्गात बसायला कसं वाटलं ते सांगतात, आणि तेही कळायला हवं. किती शिकलो हे मात्र मुलांना स्वतःला नेहमी नीट उमगत नाही. हार्वर्डमधल्या पदार्थविज्ञानाच्या वर्गांवर २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, स्वतः प्रश्न सोडवत शिकलेल्या मुलांना चाचणीत जास्त गुण मिळाले, पण आपण कमी शिकलो असंच त्यांना वाटत होतं. सुरेख व्याख्यान ऐकलेल्यांना खूप शिकल्यासारखं वाटलं होतं. डोक्याला ताण पडतो तेव्हा आपलं शिकणं कमी होतंय असा भास होतो. हे मुलांना सेमिस्टरच्या सुरुवातीलाच सांगून टाकावं.

चार वर्षांच्या नव्या पदवीने हे सुधारेल का?

आपोआप नाही. नव्या रचनेत तीन वर्षांच्या पदवीला १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्सला १६० क्रेडिट लागतात. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे पंधरा तास. क्रेडिट तास मोजतं, त्या तासांत काय घडलं ते मोजत नाही. आता पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर प्रमाणपत्र किंवा पदविका घेऊन बाहेरही पडता येतं, त्यामुळे त्या टप्प्यावर मुलाला काय येतं हे खरेपणाने सांगण्याची जबाबदारी उलट वाढली आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या विद्यापीठ शिक्षण आयोगाने, राधाकृष्णन आयोगाने, १९४९ सालीच म्हटलं होतं, की विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची झाली तर ती परीक्षांची असेल. तेव्हा गोवा मुक्तही झाला नव्हता. मुक्तीनंतर १९६२ साली इथे कॉलेजं सुरू झाली ती मुंबई विद्यापीठाच्या छत्राखाली, आणि १९८५ साली ताळगावच्या पठारावर आपलं विद्यापीठ आलं. इतक्या पिढ्या शिकवणारा एक आणि प्रश्न काढणारा दुसरा या पद्धतीत वाढल्या, की ‘मूल्यमापन म्हणजे दुसऱ्याचं काम’ ही सवय आमच्या अंगात मुरली आहे.

मुलांवर आधीच परीक्षांचं ओझं आहे. तुम्ही अजून चाचण्या वाढवायला सांगता?

गुणांच्या परीक्षा नकोत, आठवून बघण्याच्या हव्यात. रोएडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ सालच्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून मग कागद बाजूला ठेवून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे बरेच पुढे गेले होते. परीक्षेच्या आदल्या रात्री नोट्स वाचून गेलेल्या मुलाला सकाळी सगळं येतं आणि दिवाळीनंतर काहीच येत नाही, त्याचं कारण यात आहे. अशी चाचणी हे मोजमापही असतं आणि शिकणंही.

वर्गात ऐंशी मुलं आहेत. एवढं सगळं एकट्याने कसं करायचं?

एवढं सगळं करू नका. चिठ्ठीपासून सुरुवात करा. तासाची शेवटची तीन मिनिटं ठेवा आणि एकच प्रश्न फळ्यावर लिहा. मुलांनी कागदाच्या चतकोरावर उत्तर लिहायचं, नाव घालायची सक्ती नाही. स्टाफरूममध्ये बसून तीन ढीग करायचे : कळलंय, अर्धवट कळलंय, दुसरंच काहीतरी कळलंय. ऐंशी चिठ्ठ्यांना पंधरा-वीस मिनिटं लागतात. तिसरा ढीग सर्वांत काळजीपूर्वक वाचायचा. दुसऱ्या दिवशी त्यातली एक चिठ्ठी, कुणाची ते न सांगता, वाचून दाखवायची आणि तास तिथून सुरू करायचा. आठवड्यातून एकदा केलं तरी पुरे.

आणखी एक. हे करताना पोर्शन मागे पडतो. मी दोन टॉपिक स्वतः वाचायला देते आणि त्यावर दहा मिनिटांची चर्चा ठेवते. ते दोन टॉपिक सगळ्यांना तितकेच चांगले येतात असा माझा दावा नाही. पण पूर्वी घाईघाईत ‘शिकवून’ संपवायचे तेव्हाही ते येत नव्हते.

त्या चिठ्ठ्यांचं पुढे काय करता?

जूनच्या पहिल्या आठवड्यातल्या मी जपून ठेवते. त्या वेळी मात्र मुलांना मागच्या बाजूला नाव लिहायला सांगते. सेमिस्टर संपताना तेच पाच प्रश्न पुन्हा सोडवून झाले, की जूनची चिठ्ठी ज्याची त्याला परत देते. बहुतेक जण आपलंच अक्षर बघून आधी ओळखतच नाहीत. मग शेजाऱ्याला दाखवतात. गेल्या वर्षी वाळपईकडच्या एका मुलाने उकळत्या पाण्याची आपली चिठ्ठी वाचली, ‘ऑक्सिजन’ हा शब्द खोडला, आणि घरी धाकट्या भावाला हा प्रश्न विचारायचा म्हणून ती घडी घालून खिशात ठेवली. यंदाच्या चिठ्ठ्या प्रयोगशाळेच्या कपाटात वरच्या फळीवर आहेत. पावसात रबरबँड चिकटून कागद फाटतात, म्हणून सुतळीने बांधल्या आहेत.